कमानपाटे बदलणे (जुनी कॅम्पर व्हॅन)

जुन्या कॅम्पर व्हॅनच्या ॲक्सलवरचे (चाकांच्या आडव्या दांड्यावरचे), गाडीचा भार आणि धक्के झेलणारे पण बाक गेलेले पोलादी पाटे काढून नवे बसवण्याचे काम. बाक गेला की ‘पाटे बसले’ असे म्हणतात.

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या प्रवासी गाडीचे घर केले की पाट्यांना विश्रांती उरत नाही. प्रवासी उतरून जातात. पलंग, ओटा, बॅटऱ्या मात्र गाडीतच राहतात. 100 लिटरची पाण्याची टाकी भरली की 100 किलो वाढले, तेही बहुधा एकाच कुशीला. नाशिकहून मुंबईकडे जाताना कसारा घाटाच्या वळणांवर हे झुकणे लगेच जाणवते. इगतपुरीकडचा पाऊस पाट्यांच्या फटींत शिरून गंज धरवतो, तो वेगळाच. सपाट जागी उभ्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले की फरक कळतो.

एकावर एक रचलेल्या पाट्यांचे जुडगे सोडवताना आधी ते शिकंज्यात घट्ट आवळावे, मगच सगळे पाटे मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट काढावा. नाहीतर दाबलेले पाटे उसळून हात फोडतात. आत तांबूस भुकटी साचलेली असते. आखूड पाट्याच्या टोकांनी वरच्या पाट्यात चर पाडलेला दिसतो. सेंटर बोल्टच्या भोकापाशी ब्रशने घासून पाहावे, कारण केसासारखी चीर बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

जुने पाटे ठोकून बाक देण्याचा स्वस्त उपाय सर्रास केला जातो. लाल तापवून तेलात विझवल्याशिवाय आणि पुन्हा बेताचा ताव दिल्याशिवाय तो बाक टिकत नाही. घर घेऊन हिंडणाऱ्या गाडीला हा उपाय करूच नये. वर एक जाड पाटा चढवणेही तितकेच घातक. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 8 मिलिमीटरऐवजी 10 मिलिमीटरचा पाटा जवळजवळ दुप्पट ताठर होतो आणि प्रत्येक खड्डा थेट चासीला बसतो. आधी सामानासकट गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या-मागच्या ॲक्सलचा भार वेगवेगळा घ्यावा आणि त्यावरून पाटे ठरवावेत.

पाटे एका ॲक्सलचे जोडीनेच बदलतात. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट नवेच घ्यावेत; जुने ताणलेले असतात. पाट्याच्या टोकांच्या डोळ्यांतल्या रबरी बुशचे (नळीसारख्या अस्तराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळतात, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. मागची उंची बदलल्याने हेडलाइटचा झोत खाली येतो, तो पुन्हा लावावा लागतो. भारानुसार ब्रेक दाबणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडाही जुळवतात. काही शे किलोमीटर धावल्यावर पाटे एकमेकांवर नीट बसतात आणि यू बोल्ट सैल पडतात. तेव्हा ते पुन्हा आवळतात.