घाबरलेला मेंदू आधी बसकण मारतो

गेल्या महिन्यात सांगलीत विश्रामबागच्या चौकात एक फ्लेक्स लागला होता. कोट-टायमधले गृहस्थ, हाताची घडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत : 'कारणं सांगणं बंद करा, आयुष्याची जबाबदारी घ्या! एका दिवसात मेंदू री-प्रोग्रॅम!' प्रवेश शुल्क मात्र बारीक टायपात. सिग्नल सुटेपर्यंत मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा चिडलो. माणूस मुळात धडधाकट, कामसू असतो, मग लबाडी शिकतो आणि सबबी सांगायला लागतो, असं त्या वाक्यात गृहीत धरलेलं आहे. प्रयोगशाळेतले उंदीर काही वेगळंच सांगतात.

आधी माझ्या चुलतभावाबद्दल. तासगाव तालुक्यात त्याची दोन एकर द्राक्षबाग. तीन वर्षांपूर्वी गारपीट झाली आणि तयार माल वीस मिनिटांत मांडवाखाली पडला. त्यात त्याची चूक काय? शून्य. पण पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर दादा बागेत जायचा, बांधावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि परत यायचा. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून येणारे जादा फुटवे, काढल्या नाहीत, वेल गच्च झाली. ऐन फुलोऱ्यात डावणी हा द्राक्षावरचा रोग आला तेव्हा मी म्हटलं, "दादा, औषध तरी मारायचं होतंस." तो म्हणाला, "मारून काय हुणार हुतं? गारा पडायच्याच की."

गारा आणि डावणी यांचा काही संबंध नाही. गारा थांबवणं कोणाच्या बापाला जमत नाही, डावणी बऱ्यापैकी थांबवता येते. पण त्याच्या मेंदूनं दोन्ही एकाच पोत्यात भरलं होतं. घरात यावर तोडगा म्हणून साडेसातीची चर्चा झाली, बोटात नीलम आला. दाभोलकरांचा सातारा शेजारच्या जिल्ह्यात असून ही अवस्था.

आता कुत्र्यांकडे वळू. 1967 साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुणांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पट्ट्यांत अडकवलेल्या कुत्र्यांना विजेचे त्रासदायक झटके द्यायचे. एका गटातल्या कुत्र्यानं डोक्यानं बाजूची फळी दाबली की झटका बंद. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला तितकेच झटके, तितकाच वेळ, पण त्याची फळी निकामी. दुसऱ्या दिवशी दोघांनाही अशा खोक्यात सोडलं, जिथं मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटातल्यांनी उड्या मारल्या. दुसऱ्या गटातल्या आठांपैकी सहा जवळजवळ प्रत्येक खेपेला बसून राहिले, झटके खात. (प्रयोग क्रूर होता, हे मान्य.) निष्कर्ष निघाला की आपल्या हातात काही नाही हे ती कुत्री 'शिकली'. शिकलेली असहायता हा शब्द तिथून आला आणि पुढे मानसशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसला.

मायर पुढं कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांवर काम करत राहिला, आणि खरी मजा तिथं आहे. दोन उंदीर वेगवेगळ्या छोट्या खोक्यांत, शेपटीला तारा, पुढं एकेक चाक. पहिल्यानं पुढच्या पायांनी चाक फिरवलं की दोघांचाही झटका बंद होतो. दुसऱ्याचं चाक कशालाच जोडलेलं नाही. म्हणजे वेदना दोघांना मोजून सारखी, फरक फक्त चाकाचा.

मेंदूच्या देठात डोर्सल राफे नावाचा पेशींचा एक पुंजका आहे. तिथल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. संकट लांबलं की त्या पेटतात आणि दोन कामं करतात : भीती हाताळणाऱ्या अमिग्डालाला चेतवतात, आणि लढ किंवा पळ म्हणणाऱ्या भागाला दाबतात. भीती वाढली, पाय गळाले. म्हणजे बसकण मारणं हे शिकावं लागतच नाही, ते कारखान्यातूनच बसवून येतं. त्यातही एक मेख आहे. या पेशींवर स्वतःचाच ब्रेक असतो : बाहेर सेरोटोनिन वाढलं की त्यांच्याच अंगावरचे ग्राहक, म्हणजे ऑटोरिसेप्टर, त्यांना गप्प करतात. राफे जोरात पेटून गेला की हा ब्रेक काही दिवस ढिला पडतो. मग नंतरच्या किरकोळ संकटालाही तो भडकतो. दादाच्या बांधावरच्या तंबाखूची गोष्ट मला तरी इथं दिसते. अर्थात, मी दादाचा मेंदू उघडून पाहिलेला नाही, आणि उंदराचे दिवस म्हणजे माणसाचे महिने असं गणितही नाही.

मग चाकवाला उंदीर वाचतो कसा? कपाळामागच्या मेंदूत, मधोमध खालच्या बाजूला एक पट्टा आहे, व्हेंट्रोमेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. नाव लांबलचक आहे, आपण त्याला मुकादम म्हणू. 'मी हे केलं म्हणून ते थांबलं' अशी खबर मुकादमाला पोचली की त्याच्याकडून निघालेल्या तारा राफेमधल्या गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या पेशींना जागं करतात, आणि त्या राफेला गप्प बसवतात.

2005 साली मायरच्या गटानं मुकादमाला मसिमॉल नावाच्या द्रव्यानं तात्पुरतं झोपवलं. उंदीर चाक छान फिरवत होता, झटका थांबवत होता, पण दुसऱ्या दिवशी तो निकामी चाकवाल्याइतकाच गळपटलेला निघाला! हात चालत होते, काम होत होतं, तरी आतपर्यंत काही पोचलंच नव्हतं. पुढे उलटं केलं : चाक निकामी ठेवून मुकादमाला पिक्रोटॉक्सिन नावाच्या द्रव्यानं जागं केलं. हातात काहीही नसताना तो उंदीर वाचला.

हा दुसरा निकाल मला अस्वस्थ करतो. नीलम घातल्यावर माणसाला खरंच बरं का वाटतं, याचा सुगावा इथं असावा, असा माझा अंदाज. खोटं चाकही मुकादमाला फसवत असेल. पण डावणी अंगठी बघत नाही, ती पान किती वेळ ओलं राहिलं तेवढंच बघते.

मुकादमाची स्मरणशक्ती चांगली असते, हेही कळलंय. आधी चालणारं चाक मिळालेल्या उंदराला आठवड्यानं निकामी चाकाच्या खोक्यात टाकलं, तरी तो गळपटला नाही. माणसांवर असे झटके देता येत नाहीत, पण 2012 च्या एका अभ्यासात लोकांना सापांचे व्हिडिओ दाखवले. व्हिडिओ थांबवणं आपल्या हातात आहे हे ठाऊक असताना याच भागातली हालचाल वेगळी दिसली. नागपंचमीच्या नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्यात प्रयोग केला असता तर लोकांनी व्हिडिओ थांबवलाच नसता, ते सोडा.

2016 साली सेलिगमन आणि मायर यांनी मिळून जाहीरपणे मान्य केलं की पन्नास वर्षांपूर्वीचा अर्थ उलटा लागला होता. असहायता शिकली जात नाही, शिकला जातो तो ताबा. 'आता काय उपयोग' हे वाक्य गळालेल्या पायांना तोंडानं मागाहून दिलेलं नाव असतं, असं मी यावरून समजतो. सबबीशी भांडून म्हणूनच काही हाती लागत नाही. आणि प्रत्येक गोष्टीची जबाबदारी माणसावर टाकणारे कोट-टायवाले वेगळ्याच बेपर्वाईनं बोलतात. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. नदीकाठच्या गावभागातल्या कुणी कसली जबाबदारी घेतली असती म्हणजे ती उतरली असती?

दादाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. गेल्या हंगामात छाटणीनंतर एवढंच म्हटलं, की सगळी बाग राहू दे, दोन लाईन मला दे. एकीत वेळेवर बगलफुटी काढायच्या, दुसरीला हात लावायचा नाही. औषध दोन्हीकडं सारखं, पाऊस तर सारखाच. तो हसला, "मास्तर, शाळा सुटली तरी तुझी प्रॅक्टिकलं सुटत न्हाईत."

तीन दिवस झिमझिम झाली. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पानं उलटून बघत होतो. वरून तेलकट पिवळा डाग, खाली कापसासारखी पांढरी बुरशी. (शास्त्र तिला खरी बुरशी मानत नाही, ती शेवाळाच्या जवळच्या कुळातली, पण बागेत हे सांगू नये.) दर लाईनीत पन्नास पानं मोजली. मोकळ्या लाईनीत डागी पानं दोन. गच्च लाईनीत अकरा. दादानं गच्च लाईन स्वतः पुन्हा मोजली, माझ्यावर विश्वास नसल्यासारखी. मग काही न बोलता खिशातली कात्री काढली आणि तिसऱ्या लाईनीत शिरला. ती लाईन प्रयोगात नव्हती.