प्रोस्टेट मोठी असो वा लहान: रोबोटिक ऑपरेशनआधी आकाराचा अर्थ समजून घ्या

बायोप्सीत कॅन्सर निघालेला असतो आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्रोस्टेट 90 सीसी’ असे लिहिलेले असते. ते वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. एवढी मोठी म्हणजे आजार फार पुढे गेला असणार, असे वाटते. पण तो आकडा ग्रंथीचा आहे, कॅन्सरचा नव्हे. 90 सीसीच्या ग्रंथीत कॅन्सर वाटाण्याएवढा असू शकतो आणि 25 सीसीच्या ग्रंथीत तो कडेपर्यंत पोचलेला असू शकतो. रोबोटच्या मदतीने प्रोस्टेट पूर्ण काढण्याचे ऑपरेशन किती अवघड जाईल हे आकार बऱ्यापैकी सांगतो. कॅन्सर किती जोमाचा आहे हे मात्र ग्लीसन स्कोअर (बायोप्सीतल्या कॅन्सर-पेशींची ग्रेड), पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे, रक्ततपासणीत मोजले जाणारे प्रथिन) आणि एमआरआय सांगतात.

आकडा येतो कुठून

तरुणपणी प्रोस्टेट अक्रोडाएवढी, साधारण 20 ते 25 सीसीची असते. पन्नाशीनंतर बहुतेकांची वाढते, आणि ही वाढ साधी असते. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला 0.52 ने गुणतात. उदाहरणार्थ, 5.5 × 4.8 × 5.2 × 0.52 म्हणजे सुमारे 71 सीसी. प्रत्येक माप हातानेच घेतलेले असते, त्यामुळे दोन सोनोग्राफींत 10-15 सीसीचा फरक पडला तर ग्रंथी महिन्याभरात वाढली असे समजू नका. ऑपरेशन ठरवताना आम्ही एमआरआयचे माप धरतो.

याच आकड्याने पीएसएला भागून पाहा. पीएसए 7 आणि ग्रंथी 71 सीसी असेल तर भागाकार 0.10 येतो. तोच पीएसए 28 सीसीच्या ग्रंथीत असेल तर 0.25. साध्या वाढीनेही पीएसए चढतो, म्हणून मोठ्या ग्रंथीतला 7 आणि लहान ग्रंथीतला 7 एक नव्हेत. भागाकार 0.15 च्या वर गेला की संशय वाढतो.

मोठ्या ग्रंथीत हात कुठे अडतो

ओटीपोटाचे हाड हे अरुंद नरसाळ्यासारखे असते आणि प्रोस्टेट त्याच्या तळाशी बसलेली असते. रोबोटची अवजारे 8 मिलिमीटरच्या छिद्रांतून आत जातात आणि मनगटासारखी वळतात, पण वळायला जागा तर हवी! ग्रंथी 80-100 सीसीच्या पुढे गेली की ती डावी-उजवीकडे कलवता येत नाही. बाजूने रक्तवाहिन्यांचे जे देठ येतात ते रुंद होतात आणि वाहिन्याही जाड होतात. म्हणून वेळ जास्त लागतो आणि रक्त थोडे अधिक जाते. ग्रंथी पिशवीत घालून बाहेर काढतात, त्यासाठी बेंबीजवळची चीर जरा वाढवावी लागते.

खरी कसोटी मूत्राशयाच्या तोंडाशी लागते. काहींच्या प्रोस्टेटचा मधला लोब, म्हणजे मधला भाग, वर मूत्राशयात घुसलेला असतो. अशा वेळी ग्रंथी कुठे संपते आणि मूत्राशय कुठे सुरू होते ही रेषा बाहेरून दिसत नाही. मूत्राशय समोरून उघडायचे, तो लोब टाक्याने किंवा रोबोटच्या चौथ्या हाताने वर उचलून धरायचा आणि मगच मागची बाजू कापायची, असा क्रम असतो. किडनीकडून येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्यांची तोंडे इथून अगदी जवळ असतात. ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जायचे नसते. एखादे तोंड टाक्यात सापडले तर त्या बाजूची किडनी फुगते, कमरेत दुखू लागते आणि रक्तातले क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा आकडा) वाढते.

मोठी ग्रंथी निघाल्यावर मूत्राशयाचे तोंड रुंद उरते, पण लघवी बाहेर नेणारी खालची मूत्रनलिका बारीकच असते. दोन्ही जुळावीत म्हणून आधी तोंड टाके घालून लहान करतात आणि मग जोडतात. शेवटी मूत्राशयात सलाईन भरून सांधा गळत नाही ना ते तपासतात. मधल्या लोबची पूर्वी दुर्बिणीने खरवडणी झाली असेल तर तिथे व्रणाची ऊती घट्ट झालेली असते. त्या ऑपरेशनचे जुने कागद जरूर दाखवा.

एवढे असूनही मोठ्या ग्रंथीची एक जमेची बाजू आहे. कॅन्सर आणि कापलेली कड यांच्यात बऱ्याचदा निरोगी भाग भरपूर असतो. त्यामुळे ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी असल्याचा रिपोर्ट, तुलनेने कमी वेळा येतो. शिवाय ज्यांना आधीपासून लघवी अडकत होती त्यांची धार ऑपरेशननंतर मोकळी होते.

लहान ग्रंथीला हलके घेऊ नका

‘फक्त 24 सीसी आहे, सोपे ऑपरेशन’ हे अर्धेच खरे आहे. हात मोकळा चालतो, रक्त कमी जाते, पण कॅन्सर कडेच्या जवळ असतो. लहान ग्रंथींत मार्जिन पॉझिटिव्ह येणे, कॅन्सर आवरणाबाहेर गेलेला असणे आणि अंतिम रिपोर्टमध्ये ग्रेड बायोप्सीपेक्षा वरची निघणे, या तिन्ही गोष्टी अधिक आढळतात. याचे एक कारण तपासणीच्या वाटेत आहे. मोठ्या ग्रंथीवाल्याचा पीएसए साध्या वाढीनेच चढतो, त्याची बायोप्सी लवकर होते आणि कॅन्सर लहान असतानाच सापडतो. लहान ग्रंथीत पीएसए चढतो तो बहुधा कॅन्सरमुळेच.

म्हणून लिंगाच्या ताठरतेच्या नसा वाचवायच्या की नाही, दोन्ही बाजूंच्या की एकाच, हे एमआरआय पाहून आधीच ठरवावे. त्या नसा ग्रंथीच्या आवरणाला चिकटून जातात. त्या वाचवण्याच्या ओढीत कॅन्सर मागे राहू नये. मार्जिन पॉझिटिव्ह आले तरी कॅन्सर उरलाच असे नाही. पीएसए वाढू लागला तर रेडिएशनचा मार्ग उरतो.

लघवीवरचा ताबा

ग्रंथी मोठी असेल तर ताबा यायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. वर्षभराने हा फरक बराचसा बुजतो. वय, वजन आणि ग्रंथीच्या खाली उरणाऱ्या मूत्रनलिकेची लांबी यांचा प्रभाव आकाराइतकाच, कधी त्याहून जास्त असतो. ही लांबी एमआरआयवर मोजता येते. ती मोजली का, हे विचारा. वर्षानुवर्षे जोर लावून मूत्राशय जाड झालेले असेल तर ऑपरेशननंतर काही महिने घाईची लघवी लागते. ती गळतीपेक्षा वेगळी तक्रार आहे आणि तिला गोळ्यांचा उपयोग होतो.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. वारा अडवताना जो स्नायू आवळतो तोच आवळायचा, पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. ऑपरेशननंतर लघवीची नळी (कॅथेटर) आत असेपर्यंत हा व्यायाम बंद ठेवा.

‘गोळ्यांनी आधी लहान करून घेऊ का?’

हा प्रश्न नेहमी येतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या प्रोस्टेटच्या साध्या वाढीवरच्या गोळ्यांनी ग्रंथी साधारण सहा महिन्यांत पाव हिश्श्याच्या आसपास आक्रसते, पण पीएसएही निम्म्यावर येतो आणि हिशेब बिघडतो. तुम्ही या गोळ्या घेत असाल तर पीएसए दुप्पट धरून वाचावा लागतो, तेव्हा आम्हाला सांगायला विसरू नका. ऑपरेशनआधी हार्मोनची इंजेक्शने देऊन ग्रंथी लहान करण्याने आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही, म्हणून तो मार्ग सहसा घेत नाहीत. 100 सीसीच्या वरची ग्रंथी असेल तर सर्जनना थेट विचारा: या आकाराची ऑपरेशने तुम्ही किती केली आहेत? यंत्र तेच असले तरी या प्रश्नाच्या उत्तराने फरक पडतो.

नळी घेऊन घरी गेल्यावर

बहुतेकांची नळी 7 ते 10 दिवसांत निघते. मूत्राशयाचे तोंड टाके घालून लहान केले असेल तर ती जास्त दिवस ठेवतात आणि काढण्याआधी औषध भरून एक्स-रे घेतात. लघवीची पिशवी नेहमी कमरेखाली ठेवा. इसबगोल घ्या, पण एनिमा घेऊ नका. पाण्याची बादली महिनाभर उचलू नका. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गाठ होऊ न देणाऱ्या गोळ्या) पुन्हा कधी सुरू करायचे ते लेखी विचारून घ्या.

पिशवीत दोन तास लघवी आली नाही आणि ओटीपोट ताणले गेले तर आधी नळी कुठे मुडपली आहे का ते पाहा. मुडपलेली नसेल तर लगेच फोन करा. जवळच्या दवाखान्यात नळी बदलून घेऊ नका: नवी नळी अंदाजाने आत सारताना ताजा सांधा उसवू शकतो. नळी ओढून पाहू नका. आणि कोणी ‘बदलून देतो’ म्हणालेच, तर त्यांना हे पत्रक दाखवा आणि आमच्याशी फोनवर बोलायला सांगा.