ध्रुवतारा हलतो, आणि जहाज देवगडला लागते

लग्नात नवरीला ध्रुव दाखवताना भटजी ‘अढळ’ म्हणतात ते एक वेळ ठीक. पण चांगली शिकलेली माणसेही ध्रुवतारा हलत नाही असे छातीठोकपणे सांगतात. तो हलतो. आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्या खगोलीय ध्रुवापासून आज तो पाऊण अंशाहूनही जवळ आहे, म्हणून त्याचे फिरणे लक्षात येत नाही. बाराव्या शतकात हे अंतर पाच अंशांहून अधिक होते.

त्याच शतकात येमेनमधल्या एडन बंदरात मदमून बिन हसन हा जहाजमालक व्यापारी होता. मंगळुरात राहणाऱ्या अब्राहम बेन यिजूशी त्याचा मिरी, वेलची, लोखंडाचा व्यवहार चाले. त्यांची पत्रे कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) सापडली. आता नकाशा पाहा. एडनचा अक्षांश 12.8 अंश, मंगळूरचा 12.9! आणि खगोलीय ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितकाच त्या जागेचा अक्षांश. म्हणजे कागदावर तरी, ध्रुवाची उंची कायम राखत पूर्वेकडे जायचे, की मंगळूर.

उंची मोजायची रीत पंधराव्या शतकातल्या इब्न माजिद या अरब नाविकाच्या ग्रंथांत तपशिलाने येते. एकक होते हाताचे बोट; एक बोट म्हणजे दीड अंशाहून थोडे जास्त. पुढे ‘कमाल’ नावाची फळीही वापरात होती. तिच्या मधून ओवलेली दोरी दातांत धरायची. फळीची खालची कड क्षितिजावर, वरची ताऱ्यावर टेकेल इतकी ती पुढेमागे करायची. फळी डोळ्याजवळ आली की कोन वाढतो, लांब गेली की घटतो. त्या त्या कोनासाठी दोरीला गाठी.

खरी गंमत पुढे आहे. इब्न माजिदच्या काळी तारा ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. अक्षांश 13 असेल, तर तो रात्रीच्या वेळेनुसार साडेनऊपासून साडेसोळा अंशांपर्यंत कुठेही दिसणार. साडेतीन अंशांची चूक म्हणजे जवळपास 390 किलोमीटर. मंगळूरला निघालेले जहाज देवगडला लागायचे! म्हणून तारा ध्रुवाभोवतीच्या फेऱ्यात कुठे आहे ते चंद्राच्या नक्षत्रांवरून ठरवून दुरुस्ती करत. हस्त नक्षत्र दक्षिणोत्तर रेषेवर आले की तेव्हाचा ध्रुवतारा तळाशी असे. मोजलेल्या उंचीत साडेतीन अंश मिळवले की अक्षांश हाती. ही निरीक्षणे पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली आहेत. ‘प्राचीन जीपीएस’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपांत तेवढे कष्टच गाळलेले असतात.

अर्थात सगळे धोके ताऱ्यांनी टळत नसत. कोल्लमकडचे एक जहाज थेट लाल समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबजवळ बुडाले, आणि एडनहून पाणबुडे पाठवून त्यातले काही लोखंड वर काढावे लागले, असे कैरोत सापडलेल्या पत्रांत आहे. शिवाय रेखांश मोजायची सोयच नव्हती. पूर्वेला किती आलो हे नाखुदा, म्हणजे जहाजाचा कप्तान, पाण्याचा रंग पाहून, बुडीद (खोली मोजायचे दोरीला बांधलेले वजन) टाकून ताडे. समुद्रसाप दिसू लागले की भारताचा किनारा जवळ आला असे समजत.