दगड खरा, नाव उसनं

गेल्या दिवाळीत मावशीने ऑनलाइन नथ मागवली. वर्णनात लिहिलं होतं, 'ओरिजिनल बसरा मोती, पेशवाई नथ'. साडेसात हजारांवर काट मारून अठराशे रुपये. डबी उघडली तेव्हा नथ देखणी दिसत होती, पण सगळे मोती एका मापाचे, एका रंगाचे, एकाच चकाकीचे. तिथेच खटकलं. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं, तर तारेजवळ भोकाच्या कडेला वरचा थर कांद्याच्या सालीसारखा सुटला होता आणि आत पांढरं प्लास्टिक दिसत होतं. मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मग बसरा म्हणजे नक्की असतं तरी काय रे?"

प्रश्न रास्त होता. बसरा हे इराकमधलं बंदर. तिथे मोती पिकत नसत. मोत्यांच्या शिंपल्यांचे पट्टे होते बहारीन, कुवेत, कतार या बाजूच्या उथळ समुद्रात. पाणबुडे उन्हाळ्यात नाक चिमट्याने बंद करून, पायाला दगड बांधून तळाशी जात. तो माल व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईला येई. इथे मोती धुतले जात, चाळणीने मापवार वेगळे होत, विंधले जात आणि मग बडोद्याला, हैदराबादला किंवा पॅरिसला रवाना होत. आखातातला हा सगळा व्यवहार रुपयात चाले. त्या मोत्यांना आपल्याकडे ज्या मोठ्या बंदराचं नाव चिकटलं ते बसरा. म्हणजे हे नाव मुळातच पिकाचं नव्हतं, पेठेचं होतं. आज त्याच नावाखाली प्लास्टिक विकलं जातं.

रत्नांच्या फसवणुकीचा इतिहास वाचत गेलो तसं मला एक गोष्ट जास्त जास्त पटत गेली. खोटा दगड तयार करणं हा या धंद्यातला छोटा भाग आहे. खरी कमाई नावात आहे. आणि ऑनलाइन खरेदीत दगड हाताशी नसतोच, असतं ते नाव आणि फोटो.

दगडाला गावाचं नाव देण्याची रीत फार जुनी. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मोत्यांच्या आठ खाणी सांगितल्या आहेत: सिंहल, पारलौकिक, सौराष्ट्र, ताम्रपर्णी, पारशव, कौबेर, पांड्यवाट आणि हैम. यातला पारशव म्हणजे पर्शियाच्या बाजूचा, आपल्या बसऱ्याचा पूर्वजच म्हणा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोशात घ्यायच्या रत्नांच्या परीक्षेचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिथेही मोती गावांच्या, नद्यांच्या नावांनीच ओळखले जातात. तेव्हा गाव कळलं की पाणी, आकार आणि किंमत यांचा अंदाज येई. नावाला वजन होतं, म्हणून ते उसनं घेणारेही लगेच पैदा झाले. गरुडपुराणात नकली मोती ओळखायची रीतच दिली आहे: तेल आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावा, मग कोरड्या कापडात भातासोबत चोळावा, रंग उतरला नाही तर खरा. रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानातले लोक स्फटिकाला रंग देऊन रत्नं बनवतात, विशेषतः बेरिल. आपल्या कारागिरांचं हे कौशल्य दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रापर्यंत माहीत झालं होतं.

जिथे शब्द नेमके होते तिथे मात्र फसवणूक अवघड जाई. याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडच्या राजमुकुटात आहे. त्यातला मोठा लाल खडा 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' म्हणून ओळखला जातो, पण तो माणिक नाही, स्पिनेल नावाचं वेगळं खनिज आहे. युरोपात ही दोन खनिजं शास्त्रीयदृष्ट्या नीट वेगळी झाली ती १७८३ मध्ये, रोमे द लील या फ्रेंच अभ्यासकाच्या कामातून. फारसीत मात्र कितीतरी शतकं आधीपासून दोन शब्द होते: माणिकाला 'याकूत' आणि मध्य आशियातल्या बदख्शानच्या त्या तांबड्या दगडाला, म्हणजे स्पिनेलला, 'लाल'. अल्-बिरूनीने हा फरक अकराव्या शतकात मांडला. मोगल दरबारात लाल मोठ्या मानाने वापरले जात, त्यांवर बादशहांची नावं कोरली जात, आणि ते माणिक नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. स्पिनेल खोटा नव्हता. लंडनमध्ये खोटं होतं ते फक्त नाव.

विसाव्या शतकात प्रश्न वेगळाच झाला. १९०२ मध्ये ओग्यूस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाची बारीक भुकटी, त्यात लालीसाठी थोडं क्रोमियम. ती ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि खाली थेंबाथेंबाने कांडी वाढत जाते. काही तासांत माणिक तयार. ही काच नव्हे. रासायनिक घडण, कठीणपणा, चमक सगळं खाणीतल्या माणकासारखंच. काचेवर ओरखडा काढून पाहणं, दिव्यात धरणं अशा जुन्या कसोट्या त्यामुळे निकामी झाल्या. फरक राहिला तो आतल्या रेषांत. ज्योतीत वाढलेल्या माणकात त्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणदार असतात, निसर्गात वाढलेल्यात सरळ आणि कोनात वळणाऱ्या. बऱ्याच नैसर्गिक माणकांत सूक्ष्म सुयांचं जाळं असतं, जवाहिरे त्याला रेशीम म्हणतात. दोन-तीन हजारांच्या ऑनलाइन अंगठीत गडद लाल, मोठा आणि आरपार स्वच्छ 'बर्मा माणिक' दिसला, तर तो बहुधा याच कुळातला असतो. मोठं, स्वच्छ, चांगल्या रंगाचं खाणीतलं माणिक हे जगातल्या महाग रत्नांपैकी एक आहे.

मोत्यांवरही हीच पाळी आली. जपानच्या कोकिची मिकिमोतोने ११ जुलै १८९३ रोजी शिंपल्यातून पिकवलेले अर्धगोल मोती काढले. पुढे पूर्ण गोल मोती साधले आणि १९२०च्या दशकात ते लंडन-पॅरिसच्या बाजारात उतरले. जवाहिऱ्यांची झोप उडाली, कारण हा मोतीही शिंपल्यानेच बनवलेला होता, वरचा थर अस्सल होता. नैसर्गिक मोत्यांची किंमत कुठून कुठे आली हे एका हारावरून कळतं. १९१७ मध्ये कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्यांच्या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा वाडा दोन पदरी मोत्यांच्या हाराच्या आणि शंभर डॉलरच्या बदल्यात घेतला. हाराची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. तोच हार १९५७ मध्ये लिलावात दीड लाखाच्या आसपास गेला. मधल्या काळात महामंदी आली, आखातात तेल लागलं, पाणबुडे दुसऱ्या कामाला लागले आणि मुंबईचा मोतीबाजार ओसरला.

म्हणून आज 'बसरा' म्हणजे आखातातला, समुद्रात आपसूक बनलेला जुना मोती, आणि तो दुर्मिळ आहे. त्याखालोखाल कल्चर्ड मोती, समुद्रातला किंवा चीनच्या गोड्या पाण्यातला. तो खरा मोतीच आहे, फक्त माणसाने पिकवलेला. आणि तिसरा काचेचा किंवा प्लास्टिकचा मणी. घरोघरी सांगितली जाणारी दातावर घासून पाहायची युक्ती चुकीची नाही: मोती किंचित खरखरीत लागतो, मणी बहुधा गुळगुळीत. पण ती तिसऱ्याला पहिल्या दोघांपासून वेगळं करते. बसरा की कल्चर्ड हे दात सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण लागतात, आतली रचना पाहावी लागते. ज्या पानावर बसरा मोती हजार-दोन हजारांना आहेत आणि तपासणीचा अहवाल नाही, तिथे बसरा हा शब्द मी वाचतच नाही. 'हैदराबादी मोती' हेही पेठेचंच नाव. हैदराबादला समुद्र नाही. निजामांच्या आश्रयाने तिथे विंधण्याची, ओवण्याची कला रुजली, मोती बाहेरून आले. आज ते बहुतांश चीनचे गोड्या पाण्यातले असतात. त्यात काही वाईट नाही, तसं सांगितलं आणि तशी किंमत लावली तर.

'एडी' तर घराघरात आहे. अमेरिकन डायमंड हा ना अमेरिकन, ना डायमंड. ही क्युबिक झिरकोनिया, आणि तिचे मोठे स्फटिक वाढवण्याची रीत मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात साधली. ती हिऱ्याच्या सुमारे १.७ पट जड असते. म्हणजे हिऱ्याएवढ्याच आकाराच्या खड्याचं वजन इथे कॅरटमध्ये फुगून दिसतं. ऑनलाइन पानावर 'दोन कॅरट' वाचून आपण ज्या आकाराची कल्पना करतो, तो आकार घरी येत नाही. १९९८च्या सुमारास दागिन्यांसाठी मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा बाजारात आला, तेव्हा सराफांची उष्णता मोजणारी हिरा-परीक्षक पेनंही त्याला हिरा म्हणू लागली. मोइसनाइट ओळखायचं तर भिंगातून खड्याच्या पोटात पाहायचं: मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. आता ते 'मोइसनाइट डायमंड' या जोडनावाने विकलं जातं. या जोडीतला दुसरा शब्द काढून टाकला की वस्तू काय आहे ते कळतं.

राशीच्या खड्यांत नावाचा गोंधळ सगळ्यात जास्त, आणि इथे माणसं श्रद्धेने पैसे मोजतात म्हणून मला त्याची जास्त चीड येते. पुष्कराज म्हणजे काय? शब्दकोशात टोपाझसमोर पुष्कराज लिहिलेलं असतं. सराफाकडे मात्र पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, माणकाच्याच कुरुविंद (कोरंडम) कुळातला. ऑनलाइन विक्रेता शब्दकोशाचा आधार घेऊन टोपाझ देतो, पुष्कळदा टोपाझही नाही, सुनेला, म्हणजे पिवळा क्वार्ट्झ (सिट्रिन) देतो. आणि बराचसा सुनेला म्हणजे ब्राझीलचा जांभळा ॲमेथिस्ट भाजून पिवळा केलेला. या तिघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे प्रयोगशाळेच्या कार्डावरचा एक आकडा कामाला येतो, अपवर्तनांक, म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप. पिवळ्या नीलमचा १.७६ ते १.७७, टोपाझचा १.६१ ते १.६३, सुनेल्याचा १.५४ ते १.५५. वर नाव काहीही छापलेलं असो, हा आकडा बघायचा.

त्यात रत्तीची भर. रत्ती म्हणजे आपली गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्या हिशेबाने गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. खड्यांच्या बाजारात मात्र जी 'पक्की' रत्ती चालते ती साधारण १८० मिलिग्रॅमची. म्हणजे सव्वापाच रत्तीचा खडा एका मापाने सव्वातीन कॅरटच्या जरा आत, दुसऱ्याने पावणेपाच कॅरटच्या आसपास. भाव पक्क्या रत्तीचा लावायचा आणि माल कच्च्या रत्तीने द्यायचा, एवढं केलं तरी तिसरा हिस्सा खिशात जातो. कॅरटचंही पूर्वी असंच होतं, शहरागणिक वेगळं. १९०७ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते २०० मिलिग्रॅमवर पक्कं केलं. म्हणून वजन कॅरटमध्ये किंवा ग्रॅममध्येच मागावं. मराठीत सोन्याच्या शुद्धतेलाही आपण कॅरटच म्हणतो, त्यामुळे '२२ कॅरट माणिक अंगठी' वाचताना बावीस कशाचे हे थांबून पाहावं लागतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली सगळ्यात त्रासदायक गोष्ट मात्र शिसेयुक्त काच भरलेलं माणिक. २००४च्या सुमारास प्रयोगशाळांच्या लक्षात आलं की मादागास्करचं भेगाळलेलं, जवळपास टाकाऊ माणिक तापवून त्यात काच भरली की ते पारदर्शक, लालभडक दिसतं. दगड खाणीतलाच, म्हणून विक्रेता छातीठोकपणे 'नॅचरल रुबी' लिहितो. भिंगातून बुडबुडे आणि हलवल्यावर निळसर झळाळी दिसते. फोटोत यातलं काही दिसत नाही. असा खडा दुरुस्तीला सोनाराकडे गेला आणि डागणीची ज्योत किंवा आम्ल लागलं की काच खराब होते आणि भेगा उघड्या पडतात. लिंबाच्या रसानेही ती काच खाल्ली जाते. गिऱ्हाईक सोनाराशी भांडतं आणि बिचाऱ्या सोनाराचा त्यात काहीच दोष नसतो. म्हणून कार्डावर 'नैसर्गिक' हा एक शब्द पुरत नाही. त्यापुढे प्रक्रिया काय केली, ही ओळ हवी. ती ओळ रिकामी असेल तर कार्ड देणाऱ्या प्रयोगशाळेलाच विचारावं, विक्रेत्याला नव्हे.

कायदा हळूहळू मागून येतो आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला, प्रत्येक दागिन्याला वेगळा असा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, आला. पण तो सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल नाही. बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असायला हवं, नाहीतर खडेही सोन्याच्या भावाने जातात. ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याची माहिती आणि मालाचा मूळ देश पानावर दाखवावा लागतो, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मावशीने केली. पैसे परत आले.

त्यानंतर तिने आजीची जुनी नथ कपाटातून काढली. ती बसऱ्याची, हे घरात सगळे पहिल्यापासून म्हणत आलेले. सोनाराने तार उसवून सात दाणे मोकळे केले आणि ते आम्ही प्रयोगशाळेत दिले. अहवाल आला: पाच नैसर्गिक, दोन कल्चर्ड. कधीतरी, कुठल्यातरी दुरुस्तीत दोन दाणे बदलले गेले असणार. मावशीने ते सातही दाणे पुन्हा त्याच जागी ओवून घेतले आणि अहवालाचा कागद घडी घालून नथीच्या डबीत ठेवला.