गिरगाव की गिरगाम?

चाळीच्या पुनर्विकासाचे कागद मामाने स्कॅन करून एका सेव्हन-झिप फाइलमध्ये (अनेक फाइली दाबून बसवलेलं एकच गाठोडं) बांधले, पासवर्ड घातला आणि विसरला. "अरे, कंपनीचा एखादा मास्टर पासवर्ड असेल ना?" नसतो. पासवर्ड कुठे साठवलेलाच नसतो. त्यातून दर वेळी किल्ली तयार होते आणि तिने मजकूर उलगडतो.

झिप हा अशाच गाठोड्याचा जुना प्रकार; त्याचं पूर्वीचं कुलूप तकलादू होतं. एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की आतला डझनभर बाइट मजकूर ठाऊक असला तर पासवर्डशिवायच किल्ली मिळते. आताचं एईएस, म्हणजे मजकूर गुप्त करायची नवी पद्धत, तसं हार मानत नाही. मग उरतं एकच काम, एकेक पासवर्ड लावून बघणं.

तिथेही मुद्दाम पाय ओढलेले असतात. नव्या झिपमध्ये एका पासवर्डची किल्ली बनवायला गणिताच्या १००० फेऱ्या, आरएआर-५ या दुसऱ्या प्रकारात साधारण ३२,७६८, आणि सेव्हन-झिपमध्ये ५,२४,२८८! खऱ्या मालकाला हा उशीर जाणवतही नाही. चोराला (आणि विसरभोळ्या मामाला) मात्र तो प्रत्येक प्रयत्नाला भरावा लागतो. लॅपटॉपला सेकंदाला १०० प्रयत्न जमतात असं धरू. नुसत्या आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या होतात सुमारे २०,८८३ कोटी. सगळ्या तपासायला ६६ वर्षं. मोठी अक्षरं आणि आकडे मिसळले तर ६९ हजार.

म्हणून मी संगणक बाजूला ठेवून मामालाच विचारत बसलो. पहिलं अक्षर मोठं काढतोस? आकडा शेवटी टाकतोस? चिन्ह कुठलं? त्यातून २० शब्द, त्यांची ४ रूपं, ६० सालं, १० चिन्हं निघाली. गुणाकार ४८,००० फक्त. म्हणजे आठ मिनिटं. 'जॉन द रिपर' आणि 'हॅशकॅट' ही पासवर्ड शोधणारी मोफत साधनं असे नियम सांगितले की यादी स्वतःच फिरवतात. अर्थात फाइल आपली असेल तरच.

पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही. घोळ यादीतल्या 'गिरगाव'च्या इंग्रजी स्पेलिंगचा होता. मी शेवटी 'ओएन' आणि 'एव्ही' घातलं होतं. मामाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जुनं, 'यूएम'वालं. ते रूप घातल्यावर तिसऱ्या मिनिटाला फाइल उघडली.

मामाने लगेच नवा पासवर्ड ठेवला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहूनही टाकला.