परदेशात राहायला गेल्यावर बचत खातं एनआरओ कसं करायचं

नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित मुक्कामासाठी देश सोडला की १९९९ च्या फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यानुसार तुम्ही अनिवासी ठरता. शिकायला गेलेले विद्यार्थीही यात येतात, फिरायला गेलेले नाहीत. वर्षात किती दिवस भारतात होतात यावर चालणारं आयकराचं १८२ दिवसांचं गणित वेगळं, ते पूर्ण व्हायची वाट बघायची नसते. जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, तरी अनेकजण ते वर्षानुवर्षं तसंच चालवतात.

बँकेत अर्ज देऊन ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं साधं रुपया खातं, करून घ्यायचं. भाडं, पेन्शन, लाभांश असं भारतातलं उत्पन्न त्यात जमा होतं. व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर उपकर कापला जातो. कर भरून झालेली रक्कम एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते, पण त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र वगैरे सोपस्कार आहेत. परदेशातल्या पगारासाठी एनआरई खातं वेगळं उघडा. त्यातलं व्याज भारतात करमुक्त असतं आणि मुद्दल, व्याज दोन्ही कधीही परत नेता येतं. दोन्ही खाती रुपयातच असतात. विनिमय दराची धास्ती असेल तर एक ते पाच वर्षांची एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली ठेव आहे.

कागदपत्रं: पासपोर्ट, व्हिसा किंवा वर्क परमिट, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो आणि कुठल्या देशात कर भरता याचं घोषणापत्र. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड. तिकडून अर्ज पाठवणार असाल, तर प्रती भारतीय दूतावास, नोटरी किंवा बँकेची परदेशातली शाखा यांच्याकडून साक्षांकित करून घ्याव्या लागतात. पत्त्याच्या पुराव्यावर अर्ज हमखास अडतो, कारण नव्या भाड्याच्या घराचं वीजबिल सुरुवातीला आपल्या नावावर नसतंच. शक्य असेल तर हे काम निघण्यापूर्वीच शाखेत जाऊन उरका.

खरी कटकट मात्र ओटीपीची. भारतातलं सिम बंद पडलं की खात्यात पैसे असूनही हात बांधले जातात. ते रिचार्ज करून रोमिंगवर चालू ठेवा किंवा बँकेत परदेशी नंबर नोंदवा. काही देशांच्या नंबरवर २०२३ पासून एनआरई, एनआरओ खात्यांना यूपीआयही जोडता येतं. शिवाय अधूनमधून एखादा व्यवहार करत राहा, कारण दोन वर्षं काहीच हालचाल नसेल तर खातं निष्क्रिय होतं.

घरच्या कुणाला खातं वापरू द्यायचं असेल, तर एटीएम कार्ड आणि पिन हातात देऊ नका. बँकेत मँडेट (खातं चालवायची लेखी परवानगी) किंवा मुखत्यारपत्र नोंदवा. त्यावर त्यांना इथली बिलं, सोसायटीचा मेंटेनन्स वगैरे भरता येतं, पण तुमच्या वतीने कुणाला भेट म्हणून पैसे देता येत नाहीत.