जनुकीय नातेमापन

दोन व्यक्तींच्या डीएनएची तुलना करून त्यांचे रक्ताचे नाते किती जवळचे, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. एकाच पूर्वजाकडून आलेले गुणसूत्रांचे तुकडे दोघांत किती आणि किती लांब आहेत, हे यात पाहतात; लांबी सेंटिमॉर्गन या जनुकीय अंतराच्या एककात सांगतात. गणित मात्र डीएनएच्या वाचनाहून जुने आहे. जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी वंशावळीवरून नात्याचा गुणांक, म्हणजे दोघांत सामायिक जनुकांचा वाटा, काढण्याची रीत १९२२ मध्येच मांडली होती.

आई किंवा वडील आणि मूल यांच्यात हा वाटा ५० टक्के असतो. सख्ख्या भावंडांतही ५०च, पण सरासरीने. कोणता तुकडा बीजपेशीत (बीजांडात वा शुक्राणूत) जाणार हे दर खेपेला नव्याने ठरते. चार हजारांवर भावंडजोड्यांच्या २००६ मधील अभ्यासात हा वाटा सुमारे ३७ ते ६२ टक्क्यांपर्यंत आढळला. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींपैकी एक खरोखरच जरा ‘जास्त सख्खी’ असू शकते!

आजोबा, काका, आई किंवा वडील एकच असलेला सावत्र भाऊ या सगळ्यांशी वाटा २५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून नात्याचे नाव सांगता येत नाही. वय आणि तुकड्यांची लांबी पाहावी लागते. आजोबांकडून आलेले तुकडे थोडे पण लांब असतात. चुलत, मामे, आते, मावस ही चारही भावंडे साडेबारा टक्क्यांची. मराठीने केलेला हा भेद डीएनएत अगदीच पुसला जात नाही : दोन भावांच्या मुलग्यांचे, बापाकडून मुलग्याला मिळणारे वाय गुणसूत्र एक असते, दोन बहिणींच्या मुलांचा, फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियातील डीएनए एक. मामे-आते भावांत यातले सहसा काहीच जुळत नाही.

खापरपणजोबा एक असलेल्या काही जोड्यांत एकही सामायिक तुकडा सापडत नाही. उलट, पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक होत आली, की दूरचे लोकही जवळचे भासतात. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते; तिथे एकाच पूर्वजाचे तुकडे दोन-तीन वाटांनी येतात आणि बेरीज फुगते. अशा वेळी बारीक तुकडे सोडून सर्वांत लांब तुकड्यावर भिस्त ठेवलेली बरी.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो हा खुनी पकडला गेला, तो गुन्ह्याच्या जागी मिळालेला डीएनए, लोक नातलग शोधायला आपला डीएनए जिथे देतात अशा संकेतस्थळांवर, दूरच्या नातलगांशी जुळल्यावरून. डीएनएने घराणे दाखवले. माणूस शोधला तो वंशवृक्ष मांडून, वय आणि राहण्याची ठिकाणे ताडून. अटकेआधी त्याचा स्वतःचा नमुना गुपचूप मिळवून पुन्हा जुळवून पाहिला गेला.